न्हाणीघरातील मॅग्नेशियमची कांडी

लोखंड गंजते, ही गोष्ट इतकी नित्याची आहे की तिच्याविषयी काही नवे शिकावयाचे उरले असेल असे आपणांस सहसा वाटत नाही. दाराची कडी, सायकलची साखळी, गच्चीवरील नळ यांवर चढलेला तांबूस थर डोळ्यांना दिसतो. म्हणून कोणी तेलाचे बोट फिरवितो, कोणी रंगाचा हात देतो. परंतु जेथे दृष्टी पोहोचत नाही तेथे चाललेल्या गंजाचे काय? अशी एक जागा आज घरोघरी आहे. न्हाणीघराच्या भिंतीवर टांगलेल्या विजेच्या गिझरची टाकी ती हीच. बाहेरून गिझर पांढराशुभ्र दिसतो. आत मात्र लोखंड, ऊन पाणी आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू अशी गंजाला हवी असलेली सर्व सामग्री एके ठिकाणी जमलेली असते. तरीही ती टाकी वर्षानुवर्षे टिकते, कारण तिच्या पोटात बसविलेली धातूची एक कांडी तिच्याऐवजी झिजत असते. ही कांडी कशाची असते, ती का झिजते, आणि ती संपण्यापूर्वी आपण काय करावयास हवे, याचा विचार या लेखात करावयाचे आम्ही योजिले आहे.

बंबापासून गिझरपर्यंत

आपल्या आजी-पणजीच्या काळी मराठी घरांत ऊन पाण्याचे साधन म्हणजे तांब्याचा बंब. मधोमध विस्तवाची उभी नळी, तिच्याभोवती पाणी, खाली राख पडण्याची जाळी आणि कडेला पितळी तोटी, अशी त्याची रचना. गोवऱ्या, लाकडाच्या ढलप्या, कोळसा, जे मिळेल ते त्यात जळत असे. चिंचेने आणि राखेने घासलेला बंब आरशासारखा चमके, आणि एकाच बंबावर दोन-दोन पिढ्यांची स्नाने होत. त्याच्या आत कसलीही कांडी नसे, कारण तांबे हा मुळातच साध्या पाण्याला सहसा दाद न देणारा धातू आहे. शिवाय बंब वरून उघडा असल्यामुळे त्याच्या अंगावर पाण्याचा दाब असा जवळजवळ नव्हताच.

‘गिझर’ हा शब्द आला तो आइसलँडमधील ‘गेसिर’ नावाच्या उसळत्या ऊन झऱ्यावरून. इ. स. १८६८ मध्ये लंडन येथील बेंजामिन वॅडी मॉन याने गॅसवर पाणी तापविणारे यंत्र तयार केले आणि त्यास हे नाव दिले. पुढे विजेची यंत्रे आली तरी आपल्याकडे नाव तेच राहिले. आजच्या साठवणीच्या गिझरमध्ये पंधरा किंवा पंचवीस लिटरांची बंद टाकी असते. गच्चीवरील टाकीचे पाणी दहा मीटर उंचीवरून येत असेल, तर गिझरच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम दाब पडतो. हा दाब सोसण्यास पोलादाची टाकी मजबूत आणि स्वस्त पडते. मात्र बंबाच्या तांब्यापाशी असलेला गुण पोलादापाशी नाही, पोलाद गंजते. म्हणून पुष्कळ गिझरांत टाकीच्या आतल्या अंगास काचेचा मुलामा भाजून बसवितात. चहाच्या जुन्या एनॅमलच्या मगावर असतो तशाच जातीचा हा मुलामा. पण मगाचा टवका उडाल्यावर तेथे काळा-तांबूस डाग पडतो, हे आपण पाहिले आहे. टाकीच्या मुलाम्यातही सांध्यापाशी, वळणापाशी सुईच्या अग्राएवढी छिद्रे राहतातच. कांडीची योजना आहे ती या छिद्रांसाठी.

इंदूरचे पाणी

पाणी कोणते, यावर टाकीचे आयुष्य पुष्कळ अंशी अवलंबून असते. इंदूर शहर पूर्वी बिलावली, सिरपूर यांसारख्या तलावांवर आणि पुढे गंभीर नदीवरील यशवंत सागरावर तहान भागवीत असे. १९७८ साली मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून नर्मदेचे पाणी सुमारे सत्तर किलोमीटर अंतर कापून आणि विंध्याचा चढ चढून शहरात आले. तथापि नळाच्या जोडीला विंधन विहीर असलेली घरे आणि वसाहती आजही पुष्कळ आहेत. माळव्याच्या काळ्या मातीखाली ज्वालामुखीपासून बनलेला बेसॉल्ट खडक आहे. त्याच्या भेगांतून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार आपल्याबरोबर घेते. अशा पाण्यात साबणाचा फेस लवकर होत नाही, म्हणून शास्त्राच्या पुस्तकात त्यास दुष्फेन पाणी म्हणतात; घरात आपण त्यालाच जड पाणी म्हणतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात दर लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंतची कठीणता इष्ट मानली असून, दुसरे पाणी उपलब्ध नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेण्यास मुभा आहे.

जड पाणी तापविले की त्यातील कॅल्शियम बायकार्बोनेटचे विघटन होते. कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूचाच सोयरा, तळाशी आणि तापणाऱ्या नळीवर बसतो. याचे प्रमाण किती असावे? समजा, दर लिटरमागे १०० मिलिग्रॅम क्षार मागे राहतात आणि घरात रोज ५० लिटर पाणी तापते. म्हणजे रोजचे ५ ग्रॅम झाले. थंडीचे १२० दिवस धरले तर एका हंगामात ६०० ग्रॅम, आणि बारा महिने गिझर चालला तर पावणेदोन किलोंहून अधिक! हा थर तापणाऱ्या नळीवर घोंगडीसारखा पडतो. नळीची उष्णता पाण्यास पोहोचण्यास वेळ लागतो, नळी स्वतः अधिकाधिक तापते आणि अखेर तडकते. हाच थर कांडीवर चढला म्हणजे कांडीचे काम मंदावते. तात्पर्य, क्षार आणि गंज हे दोन वेगळे शत्रू असले तरी एकाचे काम दुसऱ्यास उपयोगी पडते.

लोखंड का गंजते?

लोखंड गंजण्यास पाणी आणि प्राणवायू हे दोन्ही लागतात. उकळून हवा घालविलेल्या आणि वरून तेलाचा थर दिलेल्या पाण्यात खिळा दीर्घकाळ चकचकीत राहतो. कोरड्या हवेतही राहतो. दोन्ही एकत्र आले की लोखंडाचे अणू आपले इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरू लागतात, ते इलेक्ट्रॉन पाण्यातील प्राणवायू घेतो, आणि या देवघेवीतून तांबूस गंज जमतो. गिझरच्या टाकीतील प्राणवायू काही काळाने संपत येतो हे खरे. पण प्रत्येक स्नानाबरोबर जेवढे ऊन पाणी बाहेर जाते तेवढेच ताजे पाणी नवा प्राणवायू घेऊन आत येते. शिवाय उष्णतेने रासायनिक क्रिया जलद होतात. म्हणून गिझरच्या टाकीतील गंज बादलीच्या गंजाहून वेगाने वाढतो.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, “मग धारचा लोहस्तंभ इतकी शतके कसा टिकला?” प्रश्न उत्तम आहे. इंदूरहून जवळच असलेल्या धार येथे लाट मशिदीच्या आवारात प्राचीन लोहस्तंभाचे तीन तुकडे आहेत. ते एकापुढे एक ठेवले तर लांबी सुमारे तेरा मीटर भरते. ही मशीद इ. स. १४०५ च्या सुमाराची असून तिला नाव पडले ते या लाटेवरून. स्तंभ त्याहूनही जुना आहे. दिल्लीच्या लोहस्तंभाचा अभ्यास कानपूरच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी केला. त्या लोखंडातील फॉस्फरसामुळे पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर तयार होतो, असे त्यांनी दाखविले. शिवाय असे स्तंभ उघड्या हवेत असतात. पावसाने भिजतात, तसे उन्हाने वाळतातही. गिझरची टाकी मात्र सदैव ओली असते, आणि तिचा पत्रा साधारणतः दोन मिलिमीटरांच्या आसपास असतो. स्तंभाच्या अंगावर दोन मिलिमीटर गंज चढला तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. टाकीस तेवढ्यानेच आरपार भोक पडते.

एकाने झिजावे, दुसऱ्याने टिकावे

इलेक्ट्रॉन सोडण्याची उत्सुकता सर्व धातूंत सारखी नसते. ती प्रमाण विद्युत् विभवाने मोजतात. मॅग्नेशियमचे विभव उणे २.३७ व्होल्ट, जस्ताचे उणे ०.७६, लोखंडाचे उणे ०.४४ आणि तांब्याचे अधिक ०.३४ असे आहे. विभव जितके उणे, तितका तो धातू झिजण्यास अधिक तयार. दोन भिन्न धातू एकमेकांस जोडून एकाच पाण्यात ठेवले म्हणजे एक लहानसा विद्युत्-घट तयार होतो. त्यात अधिक उत्सुक धातू झिजतो आणि दुसरा सुरक्षित राहतो.

याची प्रचीती शाळेच्या प्रयोगशाळेत सहज घेता येईल. तीन पेल्यांत चिमूटभर मीठ घातलेले पाणी घ्यावे. पहिल्यात घासून स्वच्छ केलेला नुसता लोखंडी खिळा ठेवावा. दुसऱ्यात तांब्याची तार गुंडाळलेला. आणि तिसऱ्यात, गुरुजींच्या परवानगीने, मॅग्नेशियमची फीत घट्ट गुंडाळलेला. काही दिवसांनी पाहिले असता तांब्याच्या सहवासातला खिळा उघडा राहिलेल्या भागी सर्वांत अधिक गंजलेला आढळेल, आणि मॅग्नेशियमच्या सहवासातला बहुतांशी स्वच्छ राहील. फीत मात्र पांढरी पडून खंगलेली दिसेल. या एका प्रयोगात गिझरच्या रक्षणाचे सारे रहस्य आले.

हे तत्त्व प्रथम व्यवहारात आणण्याचा मान सर हम्फ्री डेव्ही यांचा आहे. खाणकामगारांच्या सुरक्षा-दिव्यामुळे त्यांचे नाव आपल्या परिचयाचे आहेच. इंग्रजी आरमारातील लाकडी जहाजांच्या तळास तांब्याचे पत्रे मारलेले असत, आणि समुद्राच्या पाण्याने ते पत्रे झिजत. इ. स. १८२४ मध्ये डेव्ही यांनी रॉयल सोसायटीपुढे असे मांडले की, या पत्र्यांना जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले तर ते तुकडे झिजतील आणि तांबे वाचेल. तसे घडलेही. पण एक अनपेक्षित गोष्ट झाली. तांबे विरघळत असताना त्याच्या विषामुळे शिंपले आणि समुद्री वनस्पती तळास चिकटत नसत. तांबे विरघळणे थांबताच त्यांची दाटी होऊन जहाजांचा वेग मंदावला. त्यामुळे जहाजांवरील ती योजना मागे पडली. तत्त्व मात्र खरे ठरले. जमिनीखालच्या तेलवाहिन्या, बंदरातील पोलादी खांब आणि आपल्या घरची जस्ताचा मुलामा दिलेली बादली, या सर्वांचे रक्षण याच तत्त्वावर होते.

मग गिझरमध्ये जस्त न वापरता मॅग्नेशियम का वापरतात? एक तर मॅग्नेशियम आणि लोखंड यांच्या विभवांत अंतर मोठे आहे. दुसरे असे की, साठ अंशांच्या वर तापलेल्या काही प्रकारच्या पाण्यात जस्त आपला स्वभाव बदलते. त्याच्यावर विशिष्ट थर जमून ते लोखंडाचे रक्षण करण्याऐवजी उलट त्यालाच झिजवू लागते. म्हणून ऊन पाण्यासाठी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची कांडी पोलादी तारेभोवती ओतून तयार करतात आणि ती टाकीत बसवितात. कारागीर तिला ‘एनोड रॉड’ म्हणतात.

ही कांडी किती दिवस पुरावी, याचा अंदाज गणिताने काढता येतो. एक किलोग्रॅम मॅग्नेशियम पूर्ण झिजताना सुमारे २२०० अँपिअर-तास इतकी वीज देते. पण व्यवहारात त्यातील अर्धीच रक्षणाच्या कामी येते. म्हणजे १०० ग्रॅमच्या कांडीपासून ११० अँपिअर-तास मिळतील. टाकीच्या उघड्या छिद्रांसाठी सतत ५ मिलिअँपिअर प्रवाह लागतो असे धरल्यास ती २२,००० तास, म्हणजे सुमारे अडीच वर्षे पुरेल. मुलामा जुना होऊन छिद्रे वाढली आणि दुप्पट प्रवाह लागू लागला तर सव्वा वर्षातच संपेल. यावरून एवढे ध्यानात येते की गिझर जसजसा जुना होतो तसतशी कांडीची पाहणी अधिक वेळा करावयास हवी. प्रत्यक्षात बहुधा याच्या उलट घडते. नव्या गिझरची काळजी घेतली जाते आणि जुन्याकडे दुर्लक्ष होते.

वर्षातून एकदा

खंडेनवमीला आपण शस्त्रे, अवजारे आणि यंत्रे स्वच्छ करून पुजतो. थंडी सुरू होण्यापूर्वीचा आणि नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानापूर्वीचा हा दिवस गिझरच्या वार्षिक पाहणीस फार सोयीचा आहे, असे आम्हांस वाटते. ज्यांच्या घरी विंधन विहिरीचे पाणी येते त्यांनी तर ही पाहणी चुकवू नये. गिझर उघडण्याचे काम जाणत्या कारागिराचे आहे. विद्यार्थ्यांनी ते स्वतः करू नये. मात्र काय होत आहे हे समजून घेऊन जवळ उभे राहण्यास हरकत नाही.

प्रथम गिझरचे बटण बंद करून त्याचा विजेचा पुरवठा मुख्य फळीवरूनच तोडावा. पाणी थंड होऊ द्यावे. मग थंड पाण्याची चावी बंद करून ऊन पाण्याचा नळ उघडावा आणि टाकी रिकामी करावी. तापणारी नळी आणि कांडी पुष्कळदा एकाच झाकणावर बसविलेल्या असतात. झाकण काढले की दोन्ही बाहेर येतात. कांडी मूळ जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी उरली असेल किंवा तिच्यातील पोलादी तार उघडी पडली असेल, तर ती बदलावी. कांडी पुष्कळ झिजलेली पाहून खेद करू नये. तिने आपले काम केले. उलट काही वर्षांनंतरही ती जशीच्या तशी निघाली, तर तिच्यावर क्षारांचे कवच चढले आहे काय, किंवा तिचा टाकीशी धातूचा स्पर्श सुटला आहे काय, हे पाहावे. स्पर्श सुटलेली कांडी टाकीचे रक्षण करू शकत नाही.

तळाचा क्षार पाण्याने धुऊन काढावा. नळीवरील थर सौम्य अम्लाने, म्हणजे लिंबूसत्त्वाच्या द्रावणाने निघतो. आजीच्या चिंचेत होते तेही अम्लच. बाजारातील तेजाब मात्र वापरू नये, कारण ते क्षाराबरोबर धातूसही खाते. झाकणाखालचे रबरी कडे नवे बसवावे. टाकी पूर्ण भरून नळाला पाण्याची अखंड धार लागल्यावरच वीज सुरू करावी. रिकाम्या टाकीत नळी क्षणात जळते. काही महिने बंद असलेला गिझर पुन्हा चालू करण्यापूर्वी ऊन पाण्याचा नळ काही वेळ उघडा ठेवावा, आणि त्या वेळी जवळ काडी पेटवू नये. कारण मॅग्नेशियमची पाण्याशी क्रिया होऊन थोडा हायड्रोजन वायू साठण्याचा संभव असतो. तापमान साठ अंशांवर ठेवणे पुरेसे आहे. पंचवीस लिटर पाणी वीस अंशांपासून साठ अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे १.१६ युनिट वीज लागते, आणि दोन किलोवॉटची नळी ते काम पस्तीस मिनिटांत करते. याहून बराच अधिक वेळ लागू लागला तर नळीवर थर चढला आहे असे समजावे.

लक्षणांचा अर्थ नीट लावणेही आवश्यक आहे. केवळ ऊन नळालाच तांबूस पाणी येत असेल तर दोष बहुधा टाकीत आहे. दोन्ही नळांना येत असेल तर तो घरातील किंवा रस्त्यावरील नळात शोधावा. तापताना खडखड आवाज येणे ही तळाशी क्षार साचल्याची खूण होय. सुरक्षा-झडपेतून पाणी तापताना काही थेंब गळणे हा दोष नव्हे. वीस अंशांपासून साठ अंशांपर्यंत पंचवीस लिटर पाणी तापले की ते एक तृतीयांश लिटरहून थोडे अधिक फुगते. त्यास वाट हवी. ही गळती त्रासदायक वाटून झडपेचे तोंड बंद करणे म्हणजे टाकी फुटण्यास आमंत्रण देणे होय. याउलट टाकीच्या अंगातून पाणी झिरपू लागले तर टाकी संपली असे समजून गिझर ताबडतोब बंद करावा. भिजलेल्या तारा आणि ओल्या फरशीवर उघड्या पायांनी उभा असलेला मनुष्य यांची गाठ पडू देता कामा नये. गिझरला भूमिसंपर्काची तार आणि गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे बटण असलेच पाहिजे.

सर्वच गिझरांत अशी कांडी असते असे नाही. तांब्याच्या टाकीस तिची गरज नसते, आणि काही छोट्या तत्काळ गिझरांतही ती नसते. म्हणून आपल्या गिझरबरोबर आलेली पुस्तिका एकदा वाचून पाहावी. पुस्तिकेच्या मागील पानावर कांडी बदलल्याची तारीख लिहून ठेवण्याची सवय लावली, तर पुढच्या वर्षी कोणास स्मरणशक्तीवर विसंबून राहावे लागणार नाही.

नव्या कांडीचा खर्च नव्या गिझरच्या मानाने अल्प असतो. तरीही ती वेळेवर बदलली जात नाही, कारण ती दिसत नाही आणि ती काम करीत असेतोवर काहीच बिघडत नाही. बिघडत नाही म्हणून आपण विसरतो, आणि विसरतो म्हणून एके दिवशी बिघडते. जे आपल्यासाठी मुकाट्याने झिजत असते त्याची चौकशी ते संपण्यापूर्वी करावी, एवढा बोध मॅग्नेशियमच्या या कांडीपासून घेण्यासारखा आहे. आज घरी गेल्यावर प्रत्येक विद्यार्थ्याने वडील मंडळींस एकच प्रश्न विचारावा: “आपल्या गिझरची कांडी शेवटची कधी पाहिली होती?” उत्तर आठवले नाही, तर पाहणीची वेळ आली आहे असे खुशाल समजावे.